दसऱ्याचा झेंडू दसऱ्यालाच फुलावा म्हणून: परसबागेतील सणांची काढणी

२०२२ साली दसरा ५ ऑक्टोबरला आला. आमच्या परसात जुलैच्या पहिल्या आठवड्यात टाकलेला झेंडू त्या वर्षी बरोबर साधला. दाराची तोरणे, गाडीचा हार, शेजारच्या दोन घरांना पाटीभर फुले, सगळे घरचे झाले. पुढच्या वर्षी त्याच तारखेला, त्याच वाफ्यात, घरचेच बी टाकले. झेंडू फुललाही त्याच सुमारास, ऑक्टोबरच्या सुरुवातीला. पण २०२३ मध्ये श्रावण अधिक होता आणि दसरा २४ ऑक्टोबरला होता. पहिला भर ओसरला, मधल्या पावसाने फुलांवर करपा आला आणि सणाच्या आदल्या दिवशी बाजारातून झेंडू विकत आणावा लागला. झाडांनी आपले दिवस बरोबर मोजले होते. आम्ही पंचांग उघडून पाहिले नव्हते.

गौरी-गणपतीपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे दोन-अडीच महिने हा परसबागेतील सर्वांत मोठ्या काढणीचा काळ. वेलभाज्या, अळू, हळदीची पाने, झेंडू, भोपळे, हळवे भात, आवळे असे एकामागून एक येत राहते आणि प्रत्येकाला कुठला ना कुठला सण लागलेला असतो. या काळात दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, पेरणीची तारीख. दुसरी, सणाच्या भरात सगळे काढून घेणे आणि पुढच्या वर्षाच्या बियाण्याला काही न ठेवणे. या लेखात मुख्यतः या दोन गोष्टींविषयी माहिती घेऊ.

आधी तिथी, मग पेरणी

आपले बहुतेक सण चांद्र तिथीवर चालतात. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, त्यामुळे सण दरवर्षी तितके अलीकडे सरकतो आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातो. गेल्या काही वर्षांतील दसरा पाहा: २०२३ मध्ये २४ ऑक्टोबर, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबर, २०२५ मध्ये २ ऑक्टोबर. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने दसरा २० ऑक्टोबरला आहे. गणेश चतुर्थीही २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, ती २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे लागोपाठच्या दोन वर्षांत अठरा दिवसांचा फरक. भेंडीसारख्या पिकात अठरा दिवसांत झाड कळीवरून भर तोड्यावर येते.

म्हणून मागच्या वर्षीच्या वहीतली पेरणीची तारीख जशीच्या तशी घेऊ नये. मे महिन्यात नवीन पंचांगात किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सणाची तारीख पाहावी आणि तिथून मागे दिवस मोजावेत. परसबागेसाठी हे आकडे पुरेसे आहेत: माठ २५ ते ३० दिवस, भेंडी ४५ ते ५० दिवस, काकडी ४५ ते ५० दिवस, दोडका आणि पडवळ ६० ते ७० दिवस, लाल भोपळा पूर्ण पक्व हवा तर १०० ते १२० दिवस. पावसाळ्यात आभाळ सतत भरलेले असेल तर यात आठवडाभर वाढवून धरावा. १४ सप्टेंबरच्या गणपतीला भेंडीचा चांगला तोडा हवा असेल, तर साधारण २० जुलैला बी टोकावे. जूनमध्ये लावलेली भेंडी तोपर्यंत जून होऊन शेंगा राठ पडलेल्या असतात.

ऋषिपंचमी: परसबागेचाच सण

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी असते. बैलाच्या कष्टाचे या दिवशी खायचे नाही असा नेम आहे. म्हणजे नांगरटीच्या शेतातले धान्य वर्ज्य आणि कुदळीने, हाताने खणलेल्या जागेतले चालते. सरळ अर्थ असा की त्या दिवशीचे जेवण परसातून आले पाहिजे. अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, भोपळा, सुरण, कच्ची केळी, मक्याचे कोवळे कणीस, कोकणात अंबाडे: या भाजीची यादी म्हणजे भाद्रपदातील परसबागेची हजेरीच आहे. ज्यांना पावसाळी परसबाग नव्याने आखायची आहे, त्यांनी हीच यादी समोर ठेवावी. यातील बहुतेक पिके औषध-फवारणीशिवाय पावसात तग धरतात आणि एकमेकांना सावली-आधार देत वाढतात.

अळूची पाने काढताना बाहेरची, पूर्ण उमललेली पाने देठासह काढावीत आणि मधली दोन पाने ठेवावीत. गड्डा त्या पानांवरच पोसतो. हळदीच्या पानांबाबत जास्त जपावे. गौरीच्या पातोळ्यांसाठी एकाच रोपाची चार-पाच पाने ओरबाडली जातात. पण सप्टेंबर ते नोव्हेंबर हा जमिनीखाली हळकुंडे भरण्याचा काळ आहे आणि ती पानांच्या जोरावरच भरतात. प्रत्येक रोपाचे खालचे एखादे पान घेतले तर उत्पादनाला फारसा धक्का लागत नाही. पातोळ्यांना पान मोठे आणि वासाचे लागते, कोवळे लागत नाही. त्यामुळे शेंड्याकडचे पान तोडण्याचे कारणच नसते.

वेलभाज्यांचा या दिवसांतला खरा शत्रू फळमाशी. फळ लहान असतानाच माशी सालीखाली अंडी घालते, त्या ठिकाणी फळ वाकडे होते आणि आत अळ्या पडतात. परसबागेसाठी क्यू-ल्यूरचा एक सापळा पुरतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळाही वापरता येतो, मात्र त्यात काकडीवर्गीय पिकांसाठीचे आमिष आहे याची खात्री करावी. आंब्याच्या फळमाशीचे आमिष वेगळे असते. डंख झालेली फळे वेलाखाली टाकून देऊ नयेत. अळ्या मातीत जाऊन कोष करतात आणि पंधरवड्यात नवीन माशा तयार होतात. अशी फळे दीड-दोन फूट खोल पुरावीत.

बियाण्याचे फळ आधी, नैवेद्याचे नंतर

आता सर्वांत महत्त्वाचे. गणपतीत पाहुणे असतात, गोव्यात आणि तळकोकणात गणपतीवर माटोळी बांधायची असते, तिथे काकडी, दोडका, पडवळ टांगायचे असते. साहजिकच वेलावरचे सर्वांत देखणे, सरळ, डागरहित फळ आधी तोडले जाते. सण संपतात, वेल पिवळा पडतो आणि मग कुणाला तरी आठवते की बी धरायचे राहिले. शेवटी शेंड्याला राहिलेले एखादे खुरटे, वाकडे फळ सुकवून त्याचे बी ठेवले जाते. असे तीन-चार वर्षे केले की घरची जात ‘उतरली’ अशी तक्रार सुरू होते. जात उतरलेली नसते. आपणच दरवर्षी चांगले खाऊन कमअस्सल पेरत आलेलो असतो.

यावर उपाय सोपा आहे, फक्त वेळेवर करावा लागतो. सणाच्या पंधरा दिवस आधी परसात एक फेरी मारावी. जो वेल निरोगी आहे, ज्याच्या पानांवर केवडा सर्वांत कमी आहे आणि ज्याची फळे तुम्हाला हवी तशी आहेत, तो निवडावा. त्याच्या मधल्या भागातील एक-दोन फळांना रंगीत चिंधी बांधावी आणि घरातल्या सगळ्यांना, विशेषतः मुलांना, ते फळ तोडायचे नाही असे सांगून ठेवावे. एक लक्षात असू द्या: फळ बियाण्यासाठी पिकू लागले की त्या वेलाला नवीन फळे कमी लागतात. म्हणून सगळ्या वेलांवर एकेक फळ सोडण्याऐवजी एक-दोन वेलच बियाण्यासाठी राखावेत.

दोडका, दुधी ही फळे वेलावरच वाळू द्यावीत. हलवल्यावर आत बी खुळखुळले की काढावीत. काकडी मात्र पिवळी-तांबूस होईपर्यंत वेलावर ठेवून मग चिरावी, बी गरासह एखाद्या भांड्यात एक-दोन दिवस आंबू द्यावे, चोळून धुवावे, तळाशी बसलेले भरीव बी घ्यावे आणि तरंगणारे फेकून द्यावे. सावलीत वाळवलेले बी चाळलेल्या राखेत मिसळून काचेच्या कोरड्या बाटलीत भरावे. बाटलीवर जात आणि वर्ष लिहावे. आठवणीवर विसंबू नये. जूनमध्ये सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात.

संकरित बियाण्याच्या फळातले बी धरण्यात अर्थ नाही, त्याची पुढची पिढी एकसारखी येत नाही.

कडू फळाबाबत सावधान

नरकचतुर्दशीला पहाटे अंघोळीनंतर तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. कारीट हे काकडीच्या कुळातले रानफळ. त्याचा कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या घटकांमुळे असतो. हेच घटक कधी कधी दुधी, काकडी, दोडका यांतही वाढतात. दिवाळीपूर्वी बांधावर, कुंपणावर कारिटाचे वेल हौसेने राखले जातात, त्याला हरकत नाही. पण कारीट आणि चिबूड हे जवळचे नातलग आहेत आणि मधमाश्या दोन्हीकडे फिरतात. कारिटाचा वेल शेजारी असेल तर त्या चिबडाचे बी पुढच्या वर्षासाठी धरू नये. यंदाच्या चिबडाच्या चवीवर परागाचा परिणाम होत नाही. फरक दिसतो तो त्या बियांपासून आलेल्या पुढच्या वेलावर.

दुधी चिरल्यावर जिभेला छोटा तुकडा लावून पाहण्याची जुनी सवय सोडू नका. कडू लागला तर तो थुंकून टाकावा आणि सबंध फळ फेकावे. शिजवून कडूपणा जात नाही. कडू दुधीचा रस प्यायल्याने गंभीर विषबाधा झाल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत, तेव्हा ‘औषधी आहे, कडू असणारच’ असे समजू नये.

झेंडू

आफ्रिकन झेंडूची रोपे तीन ते चार आठवड्यांत लावणीला येतात आणि लावणीपासून सुमारे ६० ते ६५ दिवसांनी फुलांचा चांगला तोडा मिळतो. म्हणजे बी टाकल्यापासून ८५ ते ९० दिवस. २० ऑक्टोबर २०२६ च्या दसऱ्यासाठी २२ ते २७ जुलैच्या दरम्यान बी टाकावे. फ्रेंच झेंडू (बुटका, लहान फुलांचा) याहून पंधरा-वीस दिवस लवकर फुलतो. आम्ही आता हमी म्हणून निम्मे बी एका आठवड्याने मागे टाकतो. एक फळी पावसात सापडली तरी दुसरी हाती लागते, आणि दोन्ही साधल्या तर मागची दिवाळीला उपयोगी पडते.

लावणी गादीवाफ्यावर, दीड फूट अंतराने करावी. रोप लागून महिना झाला की शेंडा खुडावा. त्याने फांद्या वाढतात आणि फुलांची संख्या वाढते, पण बहर आठ-दहा दिवस लांबतो. हे दिवस सुरुवातीच्या हिशोबातच धरावेत. उशिरा लक्षात आले आणि दसरा सव्वा महिन्यावर आला असेल, तर शेंडा खुडण्याच्या फंदात पडू नये.

खरी परीक्षा परतीच्या पावसाची. तो ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कधीही विजांसह कोसळतो. आफ्रिकन झेंडूचे डोके जड असते, पाण्याने भिजले की झाड लवंडते. सप्टेंबरअखेर प्रत्येक झाडाच्या बुंध्याला मातीची भर द्यावी आणि ओळीच्या दोन्ही बाजूंनी सुतळी ओढून घ्यावी. पावसाचा अंदाज असेल तर सणाच्या दोन-तीन दिवस आधीच, सकाळी दव उतरल्यावर, उमललेली फुले तोडून घरात सावलीला ओल्या गोणपाटावर पसरून ठेवावीत. ढीग करू नये, आतली फुले तापून काळी पडतात. अशी फुले तोरणापर्यंत छान राहतात. झाडावर भिजलेली राहत नाहीत.

तोरणासाठी सगळीच फुले खुडू नयेत. दोन झाडांवरची चार-पाच टपोरी फुले देठासह पूर्ण सुकू द्यावीत. तोरणातल्या वाळक्या फुलांचे काही बी उगवते, पण झाडावर पक्व झालेल्या बियांचा भरवसा अधिक. दसरा झाल्यावर झेंडूची झाडे उपटून टाकण्याऐवजी चिरून त्याच वाफ्यात गाडावीत. झेंडूच्या मुळांतील द्रव्यांमुळे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी कमी होतात. म्हणून पुढचे टोमॅटो किंवा वांगे त्याच जागी घ्यावे.

आपट्याबद्दल एकच सांगतो. पाच-दहा पानांसाठी फांद्या मोडू नका. आणि बाजारात आपटा म्हणून येणारी बरीच पाने कांचनाची असतात.

घट आणि बियाण्याची परीक्षा

घटस्थापनेला पत्रावळीवर किंवा परडीत शेतातली माती पसरून धान्य पेरतात आणि दसऱ्याला घट उठवून त्याचे अंकुर टोपीत खोवतात. नऊ दिवस रोज डोळ्यांसमोर उगवणारे धान्य, तेही रब्बीच्या तोंडावर: याकडे बियाण्याची चाचणी म्हणून पाहता येते. पण घट पाहून थेट निष्कर्ष काढू नयेत. देवघराच्या अंधारात अंकुर पिवळे पडतात, ते रोगाने नव्हे, उजेड नसल्याने हरितद्रव्य तयार होत नाही म्हणून. रोज पाणी घातल्याने काही दाणे कुजतात, त्यात बियाण्याचा दोष नसतो.

त्यासाठी घटाशेजारी एक साधी चाचणी घ्यावी. घरच्या गव्हाचे, हरभऱ्याचे प्रत्येकी दहा दाणे ओल्या फडक्यात वेगवेगळे गुंडाळून ठेवावेत आणि फडके नुसते दमट राखावे. आठवडाभरात दहापैकी आठ किंवा अधिक उगवले तर बियाणे चांगले. सहा-सात उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे. त्याहून कमी असतील तर ते धान्य दळायला द्यावे. रब्बी ज्वारीच्या बाबतीत मात्र घटाची वाट पाहू नये. २०२६ मध्ये घटस्थापना ११ ऑक्टोबरला आहे आणि तोवर कोरडवाहू ज्वारीची पेरणी उरकत आलेली असावी. ज्वारीची चाचणी पितृपक्षाच्या आधीच करावी.

नवे भात, जुना भोपळा

कोकणात आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोजागिरीच्या दिवशी, नवान्न पौर्णिमा करतात. भाताची लोंबी, नाचणी, वरी, आंब्याचे पान, झेंडू, कुरडूचे फूल असे एकत्र बांधून दाराला ‘नवे’ लावतात आणि नव्या तांदळाची खीर होते. परसाला लागून दोन-चार गुंठे भात असणाऱ्यांनी लोंबी बांधली म्हणजे कापणीही सुरू करावी असे समजू नये. हळवे भात १०० ते ११५ दिवसांत, निमगरवे १२० ते १३५ दिवसांत तयार होते आणि गरव्याला त्याहूनही अधिक लागतात. लोंबीतील ८० ते ९० टक्के दाणे सोनेरी झाले की कापावे. त्याआधी आठ-दहा दिवस खाचरातले पाणी काढून टाकावे. वैभव विळ्याने जमिनीलगत कापणी केल्यास धसकटात लपणारे खोडकिड्याचे कोष नष्ट होतात. आकाश भरलेले असेल तर थोडे थांबणे परवडते, कापून शेतात पसरलेले भात भिजणे परवडत नाही.

नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि भात चिकट होतो. खिरीला तो गुण, रोजच्या भाताला दोष. खिरीपुरता घ्यावा आणि बाकीचा चांगला वाळवून काही महिने ठेवावा. नरकचतुर्दशीच्या पोह्यांना मात्र नवेच भात हवे.

लाल भोपळ्याची घाई याच्या उलट्या दिशेने होते. नवरात्रात घारग्यांसाठी वेलावरचा पहिला मोठा दिसेल तो भोपळा काढला जातो आणि तो आतून फिका, पाणचट निघतो. देठ वाळून लाकडासारखा झाला, सालीत नख रुतत नाही आणि जमिनीला टेकलेला भाग पिवळा पडला, की भोपळा पिकला. काढताना दोन-तीन इंच देठ ठेवावा. देठ मोडला की तिथूनच कुज शिरते. आठ-दहा दिवस वाऱ्यावर सुकवून मग सुतळीच्या शिंक्यात टांगावा, जमिनीवर ठेवू नये. असा भोपळा संक्रांतीपर्यंत सहज टिकतो.

तुळशीच्या लग्नापर्यंत वाफे रिकामे ठेवू नका

तुळशीच्या लग्नाला ऊस, चिंचा, आवळे, बोरे लागतात, आणि तिथे ही सणांची रांग संपते. पण तोपर्यंत थांबले तर रब्बीची परसबाग उशिरा पडते. वेल उतरले की लगेच वाफे मोकळे करावेत. निर्माल्यातील दोरे, प्लॅस्टिक, जरी काढून फुले-पाने कंपोस्टच्या खड्ड्यात घालावीत. रंग दिलेली फुले त्यात टाकू नयेत.

पुढचा हिशोब सोपा आहे, कारण संक्रांत सूर्यावर चालते आणि १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. आदल्या दिवशीच्या भोगीच्या भाजीला पावटा, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, वांगी लागतात. वांग्याची रोपे सप्टेंबरअखेर लावावीत, गाजर आणि हरभरा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरावा, वालपापडी महिनाअखेरपर्यंत टोकली तरी चालते. २०२६ मध्ये दसरा २० ऑक्टोबरला असल्याने झेंडूचे वाफे तोवर अडलेले असतील. गाजर-हरभऱ्यासाठी भेंडी आणि काकडीची जागा आधी मोकळी करून घ्या.